साडूंची परतीची वाट

आमचे साडू आजवर ज्या ज्या ठिकाणी गेले, त्या प्रत्येक ठिकाणाहून ते परत आले आहेत, आणि ही गोष्ट योगायोगाने घडलेली नाही. तुम्हीआम्ही घराबाहेर पडताना कुठे जायचं याचा विचार करतो. साडू परत कसं यायचं याचा करतात. ते एकदा पक्कं झालं की मग कुठे जायचं याबद्दल त्यांचा फारसा आग्रह नसतो. लग्न असो, बारसं असो, कुणाच्या मयतीला जायचं असो, त्यांची स्कूटर कायम तोंड रस्त्याकडे करून उभी असते. मांडवाच्या दारात सगळ्या गाड्या नाकं आत घालून गर्दी करून उभ्या आणि ही एकटी मांडवाकडे पाठ फिरवून. बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी पाहुणा रुसून निघाला. चिखलीच्या एका लग्नात वधूपित्याला खरोखरच तसं वाटलं. त्यांनी साडूंना हाताला धरून आत नेलं, काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला म्हणाले आणि मानाचा फेटा बांधला. आम्ही मुलाकडचे होतो की मुलीकडचे हेही त्यांना ठाऊक नव्हतं. साडूंनी फेटा बांधून घेतला. मी नंतर डोळे वटारले तर म्हणाले, "कुणी प्रेमानं बांधायलंय तर नाही कामून म्हणावं?"

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. मूळचे बीडकडचे. चाकणच्या ज्या कंपनीत मी डिस्पॅचला आहे, त्याच कंपनीत ते कॉम्प्युटर विभागात, आणि हे लग्न मीच जुळवलं असल्यामुळे त्यांच्याबद्दलची कुठलीही तक्रार आमच्या घरात शेवटी माझ्याच नावावर जमा होते. मुलगी बघायला आले तेव्हा त्यांनी पोहे खाताना हेल्मेट मांडीवरच ठेवलं होतं. सासरेबुवांनी विचारलं, "घाईत आहात का?" हे म्हणाले, "घाई नाही. पण तुमची नापसंती आली तर जाताना उगं शोधाशोध नको." मी कपाळावरचा घाम पुसला. आत जाऊन मेहुणीला विचारलं, तर ती म्हणाली, "ज्याची जायची एवढी तयारी आहे, तो कुठे जायचा नाही." तिने हे त्या दिवशी कशावरून ओळखलं ते मला अजून कळलेलं नाही, पण ओळखलं हे खरं.

संसार मांडायचा म्हटल्यावर त्यांनी घर घेतलं ते कासारवाडीत. सगळे म्हणत होते मोशीला घ्या, चऱ्होलीला घ्या, मोकळी हवा आहे, चाकणही जवळ पडेल. साडूंचं म्हणणं, हवा काय, कुठेही मिळते. कासारवाडीला एका हाताला रेल्वे, दुसऱ्या हाताला हायवे आणि दारासमोर बस. एक बंद पडलं तर दुसरं, दुसरं बंद पडलं तर तिसरं. माणूस कुठूनही घरी येऊ शकतो. वस्तुतः त्या घरात एकदा आलेला माणूस तिथे टिकत नाही, कारण गाडी गेली की भांड्यांसकट सगळं घर थरथरतं. त्यांच्याकडे टीव्हीवरची कोणतीही मालिका सलग ऐकू येत नाही. मेहुणी पंचवीस वर्षं मधले संवाद मनाने भरून काढते आहे, आणि तिचे संवाद मूळ मालिकेपेक्षा बरे असतात असं माझी बायको म्हणते.

नवी चप्पल घेतली की साडू पहिले काही आठवडे जुनी चप्पल पिशवीत घालून बरोबर बाळगतात. नवा मोबाइल घेतला तेव्हा जुना, बटणांचा, रोज रात्री न चुकता चार्ज होत होता. हल्ली हल्लीपर्यंत होत होता. घराला रंग दिला, तर कपाटामागची भिंत त्यांनी जुन्या रंगातच ठेवायला लावली. नवा रंग मनाला नाही आला तर जुना कोणता होता ते कळायला नको का? रंगाऱ्याने आपल्या आयुष्यात असं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. मुलीच्या पाठवणीला सगळा मांडव रडत होता, आणि साडू जावयाला बाजूला घेऊन नाशिक-पुणे गाड्यांच्या वेळा समजावून सांगत होते. जावई बिचारा मान डोलावत होता. केस कापून घेण्यापुढे मात्र त्यांचं काही चालत नाही. एकदा कापलेला केस परत लावता येत नाही. म्हणून न्हाव्याच्या खुर्चीत बसले की ते डोळे मिटून घेतात आणि सगळं संपल्यावरच उघडतात.

अशा या माणसाला कंपनीने काम काय दिलं होतं, तर सगळ्यांना पुढे नेण्याचं.

ते काम मला समजलं तसं सांगतो. आमच्या कंपनीत गाड्यांचे सुटे भाग बनतात, पण ते बनतात, मोजले जातात, खोक्यात भरले जातात आणि माझ्या डिस्पॅचमधून ट्रकवर चढतात ते सगळं सर्व्हर नावाच्या यंत्रांच्या हुकमावर. नवा सर्व्हर खोक्यातून निघतो तेव्हा अगदी कोरा असतो. त्याला नाव नसतं, काम माहीत नसतं, आपण कुठे आलोय याचा पत्ता नसतो. पूर्वी एकेकाजवळ बसून त्याला सगळं शिकवावं लागायचं. मग एक सॉफ्टवेअर आलं. ते एका यंत्रावर बसतं, नवीन आलेल्या प्रत्येकाला हेरतं, त्याला नाव देतं, काम नेमून देतं आणि रांगेत उभं करतं. साडूंनी त्याचं नाव मुकादम ठेवलं. त्यांच्या गावाकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या टोळ्यांना जो बांधून नेतो आणि कामाला लावतो तो मुकादम. मूळचं नाव इंग्रजी होतं, ते आता कंपनीत कुणालाच आठवत नाही. मोठे साहेबसुद्धा मीटिंगमध्ये "मुकादम डाऊन आहे का?" असंच विचारतात.

कुठल्या सर्व्हरला कोणतं नाव द्यायचं हे ठरवणं मात्र साडूंनी मुकादमाकडे सोपवलं नव्हतं. ते खातं त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. दुसऱ्या कंपन्यांत म्हणे सर्व्हरना ग्रहांची, नद्यांची नावं असतात. आमच्याकडे होती पुणे ते लोणावळा रेल्वेवरच्या स्टेशनांची. पगाराचा सर्व्हर खडकी, गोदामाचा पिंपरी, माझ्या डिस्पॅचचा देहूरोड. मी कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ह्या लायनीवर सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी घरी येतोय. ग्रहावरून कोण आलंय परत?"

हा मुकादम बरीच वर्षं बिनतक्रार राबला. मग आमच्याकडे इलेक्ट्रिक गाड्यांच्या भागांची नवी लाइन आली आणि तिच्यासाठी नव्या बनावटीचे सर्व्हर आले. जुना मुकादम त्यांना ओळखच देईना. साडूंनी त्याला परोपरीने समजावलं, पण शेजारच्या गावची मोडलेली सोयरीक असावी तसा तो नव्या सर्व्हरांकडे बघूनही बघत नव्हता. त्यावर उपाय एकच होता. मुकादमाची नवी आवृत्ती आलेली होती, खरं म्हणजे मधल्या काळात दोनचार येऊन गेल्या होत्या, ती बसवायची. आमचे आयटीचे साहेब वयाने लहान, कोथरूडचे, आणि चहावाल्यापासून चेअरमनपर्यंत सगळ्यांना सर म्हणणारे. त्यांनी साडूंना केबिनमध्ये बोलावलं. मी तेव्हा तिथे लेबलच्या प्रिंटरची तक्रार घेऊन उभा होतो, म्हणून हे सगळं माझ्यादेखत झालं.

"सर, आता अपग्रेड करावंच लागेल. जुनं व्हर्जन एंड ऑफ लाइफ आहे."

"चालायलंय की साहेब."

"चालतंय, पण एंड ऑफ लाइफ आहे."

"म्हणजे जिवंत हाय, पण तेराव्याची तयारी करा म्हणायलात," साडू म्हणाले.

साहेब हसले नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि जे सांगितलं ते अगदी सरळ होतं. नव्या लाइनचं उद्घाटन दसऱ्याच्या मुहूर्तावर, गिऱ्हाईक कंपनीची माणसं येणार. तोवर नवे सर्व्हर कामाला लागले नाहीत, तर हे सगळं काम बाहेरच्या एजन्सीला जाणार, तसं वरून आलेलं होतं. आणि काम एजन्सीला गेलं म्हणजे साडूंची जागा इथे उरत नाही. "होसूरच्या प्लांटला एक व्हेकन्सी आहे, सर. स्टोअर्सला," साहेब खाली बघत म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते. साडूंनी एवढंच विचारलं, "होसूरहून कासारवाडीला त्याच दिवशी परत येता येतं का हो?" साहेबांनी नकाशा पाहून, होसूर पार दक्षिणेत आहे, येत नाही म्हणून सांगितलं. साडूंनाही ते माहीत होतं.

त्या रात्री मेहुणीचा माझ्या बायकोला फोन आला. हे जेवले नाहीत, नुसते कपाटामागची भिंत बघून आले, म्हणाली. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये मी त्यांना म्हटलं, अहो, एक सॉफ्टवेअर काढून दुसरं बसवायचं, त्यात एवढं काय? तेव्हा त्यांनी मला खरी अडचण सांगितली. जुन्या मुकादमाच्या डोक्यात सगळ्या सर्व्हरांची माहिती होती, कोण कुठे, कुणाचं काम काय. नवा मुकादम ती आपल्या पद्धतीने नव्याने मांडून घेतो. एकदा मांडली की जुन्याला ती वाचता येत नाही. त्या एका पायरीवर तो थांबून विचारतो की यापुढे मागे येता येणार नाही, जायचं का? होय म्हटलं की संपलं. "म्हणजे परतीची वाट न्हाईच," साडू म्हणाले.

त्यांनी वाट काढली. दुसऱ्या एका यंत्रावर जुन्या मुकादमाची सगळी माहिती जशीच्या तशी उतरवून ठेवायची. नव्याने घोळ घातलाच तर ती तिथून परत आणायची आणि जुन्याला पुन्हा गादीवर बसवायचं. तशी तालीम त्यांनी घरी दोन जुन्या कॉम्प्युटरांवर इतक्यांदा केली, की मेहुणीलाही ती पाठ झाली आणि गाडीच्या आवाजात त्यांचं एखादं वाक्य हरवलं तर तीच पुढचं सांगू लागली. पण कंपनीचं काम अख्खं बंद असल्याशिवाय खरी नक्कल उतरवता येत नव्हती, आणि आमची कंपनी अख्खी बंद असते ती वर्षातून एकदाच, खंडेनवमीला.

इकडच्या कारखान्यांत खंडेनवमी काय असते हे बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. दिवाळीला सुट्टी मागताना लोक दोनदा विचार करतील, पण खंडेनवमीला प्रेसमशीनपासून पान्यापर्यंत सगळं धुऊनपुसून निघतं, त्याला हळदकुंकू लागतं, झेंडूच्या माळा पडतात, आणि पूजा झालेल्या हत्याराला मग दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी हात लावत नाही. आमच्याकडे शेवटची पूजा मेन स्विचची. ती चार वाजता इलेक्ट्रिशियन अण्णांच्या हस्ते होते. अण्णा चाकणजवळच्या गावचे जुने शेतकरी, कंपनी ज्या माळावर उभी आहे तिथे त्यांच्या आज्याची बाजरी होती. ते मेन खाली ओढून अख्खी वीज बंद करतात, नारळ फोडतात आणि दसऱ्याला मुहूर्तावर तो वर चढवतात. या क्रमात मॅनेजिंग डायरेक्टरलाही ढवळाढवळ करता येत नाही.

म्हणजे साडूंच्या हातात सकाळपासून चारपर्यंतचा वेळ होता. नियमाप्रमाणे सर्व्हर रूममध्ये एकट्याने काम करायचं नसतं. बाकीची पोरं नवे शर्ट घालून आपापल्या बाइकांची पूजा करायला पळालेली, म्हणून साडूंनी मला धरून नेलं. "तुम्ही फक्त बसा, साडूभाऊ," ते म्हणाले. मी बसलो. आत थंडी एवढी की मी डोक्याला मफलर गुंडाळला. अण्णांनी सकाळीच येऊन बजावलं होतं, "सायेब, आज हत्याराला हात लावायचा न्हाई बरं का." साडूंनी त्यांना दोन कीबोर्ड दाखवले. एक पूजेचा, त्याला गंधफूल वाहिलेलं. दुसरा कामाचा, त्याची पूजाच करायची नव्हती. अण्णांनी ते बारकाईने पाहिलं आणि यात काही गैर सापडत नाही असं त्यांना कबूल करावं लागलं.

नक्कल उतरायला लागली. कोपऱ्यातल्या यंत्रावर हिरवा दिवा लुकलुकत होता. तो लुकलुकतोय तोवर काम चालू, स्थिर झाला की नक्कल पुरी, आणि मगच नव्या मुकादमाला होय म्हणायचं. इकडे नव्याची बाकीची तयारी साडू सावकाश उरकत होते. दुपारी शॉपफ्लोअरवर मोठी आरती झाली. आरती चुकवणं आमच्याकडे शक्य नाही. आम्ही दोघं गेलो, टाळ्या वाजवल्या, शिरा खाल्ला आणि परत आलो.

सर्व्हर रूम सजली होती. आम्ही आरतीत असताना अण्णा येऊन गेले होते. दाराला तोरण, रॅकला झेंडूच्या माळा, आणि कोपऱ्यातल्या त्या यंत्रावर रंगीत दिव्यांची एक सुरेख माळ सोडलेली. तांबडा, निळा, पिवळा, पुन्हा तांबडा. हिरवा मात्र नव्हता. माळेची पिन लावायला जागा हवी म्हणून अण्णांनी तिथली एक पिन काढली होती.

साडूंनी खाली बसून दोन्ही वायरी हातात धरल्या आणि एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं. मी धावत जाऊन अण्णांना घेऊन आलो. त्यांना आधी काही समजेना. "आवं, मला वाटलं ह्यो डबा रिकामाच हाय. आवाज न्हाई, काय न्हाई. देवाच्या कामाला येक पिन घेतली तर..." आणि मग त्यांना साडूंचा चेहरा दिसला. "लई इस्कोट झाला का, सायेब?"

विस्कोट सगळाच झाला होता. नक्कल अर्धवट तुटली म्हणजे ती नसल्यासारखीच. पुन्हा पहिल्यापासून उतरवायला वेळ नव्हता. समोरच्या पडद्यावर नवा मुकादम तो प्रश्न विचारून थांबला होता, यापुढे मागे येता येणार नाही, जायचं का? नाही म्हटलं तर जुना मुकादम सुखरूप, उद्या नवी लाइन बंद, आणि साडू होसूरला. होय म्हटलं आणि मध्येच काही बिघडलं, तर नवी लाइन बंद, जुन्या लाइनीही बंद, आणि साडू कुठे ते सांगता येत नव्हतं.

साडू खुर्चीवर बसले. त्यांनी कामाचा कीबोर्ड पुढे ओढला, पुन्हा मागे सारला. मी त्यांना सत्तावीसअठ्ठावीस वर्षं ओळखतो. मुलीच्या लग्नात, वडील गेले तेव्हा, कधीही त्यांना मी असं पुढेमागे करताना पाहिलं नव्हतं. मला एकदम भीती वाटली. त्यांच्या त्या कपाटामागच्या भिंतीची, पिशवीतल्या चपलेची आजवर मीच सगळ्यात जास्त टिंगल केली होती, आणि आता त्यांच्या पिशवीत काहीच नाही हे मला बघवत नव्हतं.

"साडूभाऊ," ते पडद्याकडेच बघत म्हणाले, "समजा मागं येताच न्हाई आलं तर?"

मला त्या यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. डोक्याला मफलर गुंडाळून मी तिथे काय करत होतो हेही धड सांगता आलं नसतं. जे तोंडात आलं ते बोललो. "मी आहे ना इथं," म्हणालो.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. या आश्वासनाला तांत्रिकदृष्ट्या काडीचाही अर्थ नव्हता, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? मग न्हाव्याच्या खुर्चीत मिटतात तसे त्यांनी डोळे मिटले आणि होय म्हटलं.

पुढचा वेळ पडद्यावर अक्षरांच्या ओळी वर सरकत राहिल्या. साडूंनी डोळे उघडले नाहीत, मधून मधून मला विचारत, "तांबडं काही दिसतंय का?" मी म्हणत होतो, "नाही." एकदा दिसलं, पण ते अण्णांच्या माळेतलं काचेत पडलेलं होतं. चार वाजले. अण्णा मेनच्या खोलीत जायचे सोडून हातात नारळ घेऊन आमच्या दारात उभे राहिले. बाहेर मोठे साहेब, ताटं, सनई, सगळे त्यांची वाट बघत होते. फोनवर फोन येत होते. "मुहूर्त हालला तर हालू द्या," अण्णा म्हणाले, "आमी आज्याच्या जमिनीवर हुभं हाय, आमाला कोन इचारतंय." तेवढ्यात एका रिकाम्या ओळीनंतर पडद्यावर नाव उमटलं. नव्या सर्व्हरांपैकी पहिल्याला मुकादमाने ओळखलं होतं आणि साडूंनी ठरवून ठेवलेलं नाव त्याला दिलं होतं. कासारवाडी. घराचं नाव त्यांनी इतकी वर्षं राखून ठेवलं होतं, कुठल्याच सर्व्हरला दिलं नव्हतं. मग एकामागून एक बाकीचे. मी नावं मोठ्याने वाचत गेलो आणि शेवटचं वाचून झाल्यावर साडूंनी डोळे उघडले. अण्णांनी नारळ सर्व्हर रूमच्या उंबऱ्यावरच फोडला आणि मेनसाठी दुसरा मागवला.

दसऱ्याला मेन वर चढला, नवी लाइन चालू झाली, गिऱ्हाईकांनी पेढे खाल्ले. आमच्या साहेबांनी वर लांबलचक मेल पाठवली. त्यात साडूंचं इतकं कौतुक होतं, की ती वाचताना मलाच संकोच वाटला. आणि इथेच घोटाळा झाला. वरच्या लोकांनी ती मेल नीट वाचली. कंपनीच्या होसूरच्या प्लांटला अजून जुनाच मुकादम होता. तिथलं कुणी नव्याला हात लावायला धजत नव्हतं. पुढच्याच महिन्यात साडूंना बढती मिळाली, पगार वाढला, आणि दोन वर्षांसाठी होसूरला नेमणूक झाली. स्टोअर्सला नाही, मानाने.

साडूंनी ऑर्डर वाचली, घडी घातली आणि खिशात ठेवली. "जायचं टाळायलो होतो, तेच नीट केलं म्हणून जायची पाळी आली," एवढंच म्हणाले. नाही म्हणता आलं असतं का? कदाचित आलं असतं. पण अण्णांच्या माळेने त्यांची पिन काढली त्या दिवसापासून त्यांच्यात काहीतरी बदललं होतं. मेहुणीने सांगितलं की एका रविवारी त्यांनी कपाट सरकवून मागची भिंतही नव्या रंगात रंगवून घेतली. जुना मोबाइल चार्ज करणंही थांबलं होतं. हे सगळं चांगलंच होतं, आम्ही सगळे इतकी वर्षं त्यांना हेच सांगत होतो. पण माझी बायको म्हणाली, "आता ते आपल्यासारखेच झाले," आणि आम्हा दोघांनाही ते फारसं आवडलं नाही.

पुणे स्टेशनवर त्यांना सोडायला मीच गेलो. परतीचं तिकीट त्यांच्याकडे नव्हतं. रेल्वे इतक्या पुढचं तिकीट देत नाही, याची त्यांनी खिडकीवरच्या बाईंकडून आधीच खात्री करून घेतली होती, बाई वैतागेपर्यंत. सामान चढवलं, मेहुणी खिडकीशी बसली. गाडी सुटायच्या आधी साडूंनी माझ्या हातात स्कूटरची किल्ली ठेवली. ती त्यांनी आदल्या दिवशीच आमच्या सोसायटीत आणून लावली होती.

"विकून टाकू?" मी विचारलं. अशा वेळी मला चेष्टाच सुचते.

"अधनंमधनं किक मारत जा. बॅटरी उतरती."

"आणि परत यायचं काय ठरवलंय? वाट काय ठेवली आहे या वेळी?"

साडू पायरीवर उभे होते. ते हसले. असं सरळ हसताना मी त्यांना फार वेळा पाहिलेलं नाही. "तुम्ही आहात ना इथं," ते म्हणाले, आणि गाडी हलली.

मी घरी आलो, पण वर न जाता बराच वेळ खाली स्कूटरपाशीच उभा राहिलो. माणसाने उभा जन्म परतीच्या वाटा राखाव्यात, दोन दोन चपला, दोन दोन कीबोर्ड बाळगावेत, आणि शेवटी सगळा भार माझ्यासारख्या, लेबलचा प्रिंटरही धड चालवता न येणाऱ्या माणसावर टाकून निर्धास्त निघून जावं, हे मला झेपत नव्हतं.

होसूरचा नवा मुकादम व्यवस्थित चालू आहे. साडूंचा अधूनमधून फोन येतो, तिथल्या पहिल्या सर्व्हरचं नावही त्यांनी कासारवाडीच ठेवलंय. स्कूटर आमच्या सोसायटीत आहे. रविवारी सकाळी मी तिला किक मारतो, पाचसहा किकांनंतर ती नाखुशीने चालू होते, मग भोसरीपर्यंत एक फेरी मारून आणतो. वॉचमनला ती इतर गाड्यांसारखी नाक आत करून लावलेली हवी असते, रांग बिघडते म्हणतो. मी त्याला काही समजावत बसत नाही. तो जेवायला गेला की खाली उतरतो आणि तिचं तोंड पुन्हा रस्त्याकडे करून ठेवतो.